पॅरिसमधला छायाचित्रांचा मेळा आणि आपल्याकडच्या काचेच्या निगेटिव्ह

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकात चित्रप्रदर्शनांच्या बातम्या आणि परीक्षणे नियमितपणे येतात. मात्र छायाचित्र ही कलावस्तू म्हणून कशी पाहिली जाते, कशी विकली जाते आणि मुख्य म्हणजे कशी जपली जाते, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलीकडे फ्रान्सला गेले असताना पॅरिसच्या 'ग्रां पाले' या वास्तूत भरलेला 'पॅरिस फोटो' हा कलाछायाचित्रांचा मेळा मला पाहता आला. माझी सारी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. त्या सवयीच्या नजरेने तिथे जे पाहिले, त्यातले काही आपल्या वाचकांपुढे ठेवावे आणि त्यातून आपल्या राज्यातल्या जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह जपण्याची जी निकड जाणवली तीही सांगावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा मेळा १९९७ मध्ये सुरू झाला. आरंभीची वर्षे तो लूव्र संग्रहालयालगतच्या भूमिगत दालनांत भरत असे. २०११ पासून तो ग्रां पालेत आला. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेली ही वास्तू म्हणजे लोखंड आणि काच यांचे एक अवाढव्य छत आहे. २०२१ पासून तिची दुरुस्ती सुरू होती आणि त्या काळात मेळा आयफेल टॉवरजवळच्या मैदानावर तात्पुरत्या मांडवात भरवला गेला. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये याच छताखाली तलवारबाजी आणि तायक्वांदोच्या लढती झाल्या, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनी छायाचित्रे आपल्या जुन्या घरी परतली. दोनशेहून अधिक गॅलऱ्या आणि प्रकाशक एका छताखाली असल्यामुळे गर्दी मोठी होती, परंतु भिंतींसमोर उभे राहणाऱ्यांची शांतता वाखाणण्यासारखी होती. एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. काचेच्या छतातून येणारा उजेड सुंदर असला, तरी तो चौकटींच्या काचेवर पडतो आणि गडद छायाचित्रांत आपलाच चेहरा आधी दिसतो. दुपारी चारनंतर नोव्हेंबरचे ऊन ओसरू लागले की काळ्या रंगाच्या छटा नीट उलगडतात. घाई नसलेल्या प्रेक्षकाने संध्याकाळीच जावे.

मेळा आणि प्रदर्शन यांत फरक आहे. इथे प्रत्येक गॅलरी भाडे भरून जागा घेते आणि भिंतीवरची बहुतेक छायाचित्रे विक्रीसाठी असतात. तिकीटही स्वस्त नाही. तरीही माझ्यासारख्या काहीच विकत न घेणाऱ्या माणसाला तिथे कोणी उपरे वाटू दिले नाही, आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे मिळाली. आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात, आणि माझ्या विद्यार्थ्यांनीही अनेकदा विचारले आहे, की एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रिंट निघत असताना एका प्रिंटला लाखो रुपये कोणी का मोजावेत. त्याचे एक उत्तर फ्रान्सच्या करविषयक कायद्यातच आहे: छायाचित्रकाराने स्वतः काढलेले, त्याने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेले, सही आणि क्रमांक असलेले आणि सर्व आकार मिळून जास्तीत जास्त तीस प्रतींपुरते मर्यादित असलेले छायाचित्र मूळ कलाकृती मानले जाते. म्हणून प्रत्येक पाटीवर शीर्षक आणि वर्षाबरोबर छपाईची पद्धत आणि आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. दहापैकी तिसरी प्रत एका भावाने गेली, तर नववी प्रत बहुधा त्याहून बऱ्याच चढ्या भावाने जाते, कारण मागे फारशा उरलेल्या नसतात. निगेटिव्ह तयार झाली त्याच सुमारास छायाचित्रकाराने छापलेल्या प्रिंटचे मोल पुढे अनेक वर्षांनी छापलेल्या प्रिंटहून पुष्कळच जास्त असते. मॅन रे या कलावंताने १९२४ मध्ये घेतलेल्या, स्त्रीच्या पाठीवर व्हायोलिनच्या खुणा असलेल्या सुप्रसिद्ध छायाचित्राची मूळ प्रिंट मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २४ लाख डॉलरना विकली गेली. या आकड्यांचे कौतुक करण्यासाठी मी हे लिहीत नाही. बाजार मोल लावतो तेव्हा तो कागदाचे वय, रसायन, सही आणि इतिहास तपासतो, आणि ही तपासणी करता यावी म्हणून तिथे कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवलेल्या असतात, हे मला महत्त्वाचे वाटले.

छायाचित्र ही मुळात एक वस्तू आहे, याचा खरा प्रत्यय जुन्या छायाचित्रांच्या दालनांत येतो. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्येच विज्ञान आणि ललितकला या दोन अकादमींच्या संयुक्त सभेत शास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागो यांनी लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे जाहीर केली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर, त्यावर आयोडीनची वाफ, कॅमेऱ्यात उजेड आणि मग पाऱ्याच्या वाफेवर उमटणारी प्रतिमा, अशी ती कृती. पुस्तकात अशा चित्राची छपाई मी कितीदा पाहिली होती, पण तळहाताएवढा तो पत्रा प्रत्यक्ष समोर आला तेव्हा आधी आरशासारखी चकाकीच दिसली. मान किंचित डावीकडे कलवल्यावर एका बाईंचा चेहरा वर आला. आणखी थोडी कलवल्यावर उजेडाच्या जागी अंधार आणि अंधाराच्या जागी उजेड झाला. तिच्या बाहीवरच्या लेसची एकेक गाठ मोजता येत होती. याची निगेटिव्ह नसते, त्यामुळे दुसरी प्रतही नसते. हा पत्रा हरवला की ती बाई कायमची गेली. मोबाइलच्या पडद्यावर रोज शेकडो छायाचित्रे सरकवणाऱ्या आपल्या पिढ्यांनी एकदा तरी अशा पत्र्यासमोर उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

मेळ्यात मी सर्वाधिक वेळ घालवला तो मात्र एका जर्मन छायाचित्रकाराच्या कामापुढे. आउगुस्ट झांडर (१८७६ ते १९६४) यांनी विसाव्या शतकातील माणसांचे एक दर्शन घडवण्याचा संकल्प केला होता आणि शेतकरी, कारागीर, स्त्रिया, निरनिराळे व्यवसाय आणि वर्ग, कलावंत, शहर आणि अखेरीस समाजाने कडेला टाकलेली माणसे, अशा सात गटांत त्याची आखणी केली होती. त्या संकल्पातली सर्वच्या सर्व ६१९ छायाचित्रे त्यांच्या पणतूच्या गॅलरीने ओळीने, एकाखाली एक, एका प्रचंड भिंतीवर मांडली होती. एकेक चित्र मोठे नव्हते. दुरून पाहिले तर चौकटींची एक राखाडी जाळी दिसे. जवळ गेल्यावर त्यातला प्रत्येक जण तुमच्याकडे पाहत असे. मिठाई आणि केक करणारा एक धिप्पाड आचारी पांढऱ्या डगल्यात भांडे आणि पळी धरून उभा आहे. खांद्यांवर विटांची फळी तोलून एक मजूर सरळ कॅमेऱ्यात पाहतो आहे. १९१४ सालचे तीन तरुण शेतकरी हॅट आणि काठ्या घेऊन, ठेवणीतल्या कपड्यांत, चिखलाच्या रस्त्यावर वळून थबकले आहेत. महायुद्ध सुरू होण्याचे ते वर्ष, हे आपल्याला ठाऊक असते आणि त्यांना नसते. कोणाच्याही ओठांवर हसू नाही, पण कोणी ओशाळलेलेही नाही. झांडरने माणसाला आपल्या जागी, आपल्या हत्यारासह, आपल्या मगदुराप्रमाणे उभे राहू दिले आहे, आणि कारखानदार व बेकार तरुण या दोघांनाही तेवढाच कागद आणि तेवढाच वेळ दिला आहे. चित्रकला शिकवताना व्यक्तिचित्राबद्दल मी वर्षानुवर्षे जे सांगण्याची धडपड केली, ते त्या भिंतीने न बोलता सांगितले.

या कामाची कहाणी तर कामाइतकीच मोलाची आहे. १९२९ मध्ये झांडर यांनी त्यातील साठ छायाचित्रांचे पुस्तक काढले. नाझींना जर्मन माणसाचा जो एक साचेबंद चेहरा हवा होता, त्यात ही भटकी, बेकार, अपंग आणि साधी माणसे बसत नव्हती. १९३६ मध्ये त्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट करण्यात आले. झांडर यांचा मुलगा एरिक राजकीय कैदी म्हणून तुरुंगात गेला आणि १९४४ मध्ये तिथेच मरण पावला. बॉम्बवर्षाव वाढल्यावर झांडर यांनी निवडक निगेटिव्ह खेड्यात हलवल्या, उरलेल्या कोलोनच्या घराच्या तळघरात राहिल्या. त्या बॉम्बमधून वाचल्या आणि १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर, आगीत हजारोंच्या संख्येने जळाल्या. आज भिंतीवर दिसतात त्या प्रिंट त्यांच्या नातवाने मूळ निगेटिव्हवरून पुढे काढलेल्या आहेत. म्हणजे चार पिढ्यांनी हे ओझे वाहिले, तेव्हा २०२४ मध्ये मला तो आचारी पाहायला मिळाला.

त्या भिंतीपुढे मला आपल्या मुंबईची आठवण होणे स्वाभाविक होते. विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली होती. स्टुडिओत काढलेली माणसे कापून ती मुंबईच्या दुसऱ्या दृश्यांवर चिकटवून त्यातील अनेक चित्रे तयार केली होती. त्यात आपले लोक आहेत, त्यांची वस्त्रे, पगड्या, दागिने आहेत, आणि म्हणून तो ठेवा आपल्याला हवाच आहे. पण तिथे माणसाची ओळख त्याच्या जातीच्या नावाने आहे, त्याचे स्वतःचे नाव बहुधा नाही. झांडरच्या आचाऱ्याखालीही नाव नाही, केवळ व्यवसाय आहे, तरीही तो नमुना वाटत नाही, माणूस वाटतो. हा फरक कॅमेऱ्यामागच्या वृत्तीचा आहे, आणि तो शब्दांत मांडण्यापेक्षा दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मुलांना दाखवणे जास्त उपयोगाचे होईल.

एका छोट्या गॅलरीत मी प्रिंटची मागची बाजू पाहता येईल का, असे विचारले. तिथल्या बाईंनी हात पुसले, एक सपाट पेटी उघडली, वरचा पातळ कागद बाजूला सारला आणि दोन्ही हातांनी कडा धरून ती प्रिंट उलटी केली. मागे पेन्सिलीने सही, वर्ष, एका वृत्तसंस्थेचा जांभळा शिक्का, कोण्या संपादकाने छापण्यासाठी घातलेली मापे आणि आधीच्या दोन मालकांच्या नोंदी होत्या. पुढच्या बाजूस पावसातला एक रस्ता होता. मागच्या बाजूस त्या रस्त्याच्या चित्राचा प्रवास होता. आपल्या दैनिकांच्या कपाटांतही अशा हजारो प्रिंट असतील, त्यांच्या पाठीवरही उपसंपादकांची अक्षरे असतील, आणि ती अक्षरे हाही महाराष्ट्राच्या इतिहासाचा पुरावा आहे, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते.

छायाचित्रांच्या पुस्तकांचा विभाग हा या मेळ्यातला सर्वांत मोकळा भाग म्हणावा लागेल. तिथे पुस्तक हातात घेता येते, पाने उलटता येतात, आणि छायाचित्रकार स्वतः बसून सह्या करत असतात. भिंतीवरची प्रिंट घेणे ज्यांना शक्य नाही, ते पुस्तक घेऊन जातात. याच आठवड्यात सीन नदीत नांगरलेल्या एका बोटीवर लहान प्रकाशकांचा 'पॉलीकॉपीज' नावाचा वेगळा बाजार भरतो, तिथे तर तरुणांची झुंबड असते. स्त्री छायाचित्रकारांचे काम शोधत फिरता यावे म्हणून २०१८ पासून मेळ्यात एक स्वतंत्र मार्ग आखला जातो, हेही नमूद करावेसे वाटते. संगणकनिर्मित प्रतिमांचा विभागही होता. तो मी पाहिला, पण त्याविषयी लिहिण्याइतकी माझी जाण नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे येते. फ्रान्सची छायाचित्र संस्था, 'सोसिएते फ्रांसेज द फोतोग्राफी', नोव्हेंबर १८५४ मध्ये स्थापन झाली. आपल्या मुंबईची 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिच्या काही आठवडे आधी, स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे कुशल छायाचित्रकार होते आणि या संस्थेच्या कार्यकारिणीत होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण मुंबईत स्टुडिओ चालवू लागले. म्हणजे ही कला आपल्याकडे उशिरा आली, असे कोणी म्हणू शकणार नाही. फ्रेंच संस्था आजही आपला संग्रह सांभाळून आहे. मुंबईची संस्था मात्र काही वर्षांतच मंदावली आणि तिचे काम विखुरले. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून छायाचित्रे जमा होत आली आहेत. जाक आंरी लार्तिग या छायाचित्रकाराने १९७९ मध्ये आपला संग्रह हयातीतच शासनाला दिला आणि शासनाने तो घेतला. पॅरिसचा मेळा झगमगतो तो या पायावर.

आपल्याकडे काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पुण्यात जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी एकोणिसाव्या शतकातील भारतीय छायाचित्रांचा फार मोठा संग्रह उभा केला, आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे काम अल्काझींच्याच प्रतिष्ठानाकडे सुरक्षित आहे. पण ते प्रतिष्ठान दिल्लीत आहे. बेंगळुरूमध्ये २०२३ साली कला आणि छायाचित्रण यांचे स्वतंत्र संग्रहालय खुले झाले. मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या पिरामल दालनात छायाचित्रांची प्रदर्शने होतात. परंतु जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या जिन्यावर, दोन-तीन पिढ्या चाललेल्या स्टुडिओंचे काय? लग्नाआधी दाखवण्यासाठी काढलेले फोटो, कुस्तीच्या आखाड्यातले पैलवान, नाटक मंडळ्या, शाळांचे वर्ग, सहकारी संस्थांची उद्घाटने, पहिला ट्रॅक्टर, हे सारे त्यांच्याकडे काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्हवर आहे. आमच्या गावातला असाच एक जुना स्टुडिओ बंद झाला, तेव्हा लाकडी खोक्यांतल्या निगेटिव्ह रद्दीबरोबर गेल्या. काच खरवडून ती तसबिरींना वापरली गेल्याचे नंतर समजले. त्या काचांवर आमच्या गावाचे चेहरे होते. झांडरला नाझींनी आणि आगीने छळले, आपल्या या अनाम झांडरांचे काम तर जागा मोकळी करण्याच्या घाईत चालले आहे.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने विद्यापीठांच्या इतिहास विभागांना आणि कला महाविद्यालयांना सोबत घेऊन जुन्या स्टुडिओंची तालुकावार यादी तरी करावी. संग्रह ताब्यात घेणे पुढची गोष्ट. कोणाकडे काय आहे, कोणत्या सालचे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे एवढे कळले तरी पुष्कळ झाले, कारण हे सांगू शकणारे जुने फोटोग्राफर आज ऐंशीच्या घरात आहेत. आणि आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा अशा स्टुडिओतले एक छायाचित्र, ते काढणाऱ्याचे नाव, गाव आणि साल यांसह, नीट आकारात छापावे. वाचक चेहरे ओळखतील आणि कळवतील. त्यातून जी माहिती जमेल ती कोणत्याही सरकारी यादीत सापडणार नाही.

ज्यांच्या माळ्यावर अशी खोकी आज आहेत, त्यांनी तोवर काही साध्या गोष्टी कराव्यात. काचेच्या निगेटिव्ह आडव्या थप्पीत न ठेवता खोक्यात लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात, कारण थप्पीच्या वजनाने खालच्या काचा तडकतात. प्रत्येकीला साध्या, आम्लरहित कागदाचे पाकीट करावे; प्लॅस्टिकच्या पिशव्या मुळीच वापरू नयेत, त्यात ओल कोंडते आणि आपल्या पावसाळ्यात काचेवरच्या जिलेटिनच्या थरावर, म्हणजे ज्यात चित्र असते त्या थरावर, बुरशी धरते. ओल्या फडक्याने पुसू नये, त्याने थर निघून येतो. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला असेल तर ती विघटित होते आहे असे समजून बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी आणि तिची डिजिटल प्रत ताबडतोब करून घ्यावी. पाकिटावर नाव, गाव आणि साल पेन्सिलीनेच लिहावे, आणि ते निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी लिहावे.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, जि. सांगली